पंप पाठीवर चढायच्या आधी एकदा रक्त घ्या: यवतमाळ जिल्ह्याच्या आरोग्य आणि कृषी खात्याला खुलं पत्र

मा. जिल्हाधिकारी साहेब, मा. जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब आणि मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी साहेब, यवतमाळ,

सप्रेम नमस्कार.

मी पांढरकवड्याकडच्या एका खेड्यातली. घरचं दोन एकर कोरडवाहू वावर आहे ते नावापुरतं, खरी चूल पेटते ती बाबा दुसऱ्यांच्या वावरात फवारा मारतात त्याच्यावर. मी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) केलं आणि तालुक्याच्या गावी एका छोट्या लॅबमधे काम करते, रोज रक्त काढायचं, सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन मोजायची टेस्ट) लावायची, स्लाईड बघायची. तुमच्याकडे निवेदनांचा ढीग असतो हे मला माहीत आहे, कापसाचा भाव, पीकविमा, रोही-डुकरांचा त्रास, ते सगळं खरंच आहे. माझं मागणं एकच आहे. फवारणीचा सीझन लागायच्या आधी, मे-जूनमधे, जो जो माणूस पाठीवर पंप घेतो त्याचं रक्त तपासा आणि त्याचा कोलिनेस्टरेजचा (नसांच्या कामाला लागणाऱ्या आणि फवारणीच्या औषधानं बंद पडणाऱ्या एका एन्झाइमचा, म्हणजे शरीरात काम घडवून आणणाऱ्या प्रोटीनचा) आकडा लिहून ठेवा. आता विषबाधा झाल्यावर तपासतात, कुठं तेही होत नाही. मला ते आधी झालेलं पाहिजे, आणि "आधी" काऊन हे नीट सांगायलाच एवढं लांब पत्र लिहिते आहे, कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात बाबा संध्याकाळी घरी आले ते भिंत धरत धरतच. पऱ्हाटी (कपाशी) डोक्याच्या वर गेलेली, हवा पडलेली, दिवसभरात धा-बारा पंप मारले म्हणाले. अंगावर घामाच्या धारा, तोंडातून लाळ, दोनदा उलटी झाली आणि लाईट लावला तरी म्हणत होते, "धुपट दिसून रायलं वो माय." मायला वाटलं ऊन लागलं, ती कांदा फोडायला बसली. मी मोबाईलचा टॉर्च मारून डोळे बघितले तर बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक. रात्रीच दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं, इंजेक्शनं झाली, दुसऱ्या दिवशी सीबीसी केली तर हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट बरोबर, सगळं ठीक. घाम थांबला, बाबा जेवले, तिसऱ्या दिवशी सुट्टी. "आराम करा" म्हणून सांगितलं पण किती दिवस ते कोणी सांगितलं नाही. पाचव्या दिवशी बाबा परत पंप घेऊन निघाले, काऊन की सण तोंडावर होता, रोजी बुडत होती आणि आपलं वावर वाळत असताना मालक तरी किती थांबणार. मी अडवलं नाही. रिपोर्ट मीच वाचला होता ना, नॉर्मल होता.

त्या दिवशी तीनच पंप झाले आणि बाबा बांधावर पडले. पहिल्या वेळेच्या पाव हिश्श्याएवढंही औषध अंगावर आलं नसेल आणि त्रास मात्र त्याच्या दुप्पट, श्वास घेता येईना, मांड्या थडथड उडत होत्या. तीन दिवस आयसीयूत होते. वाचले.

मला तेव्हा कळतच नव्हतं की कमी औषधानं जास्त त्रास कसा काय झाला. मग मी पुस्तकं काढून बसले, आणि जे समजलं ते आमच्या रोजच्या कामातल्याच लाल पेशीत होतं, मी दिवसातून पन्नासदा बघते त्याच पेशीत.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट, क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट ही जी सगळी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं आहेत ती अळीला मारतात ती तिच्या नसांमधलं एक एन्झाइम बंद पाडून, त्याचं नाव ॲसिटिलकोलिनेस्टरेज, कोलिनेस्टरेजचाच एक प्रकार. तेच एन्झाइम माणसात पण आहे. नस स्नायूला "हल" म्हणून निरोप देते तेव्हा एक रसायन सुटतं आणि काम झालं की हे एन्झाइम ते लगेच पुसून टाकतं. एन्झाइम बंद पडलं की निरोप पुसलाच जात नाही, जसं दांड फोडून वाफ्यात पाणी सोडलं आणि परत बांधायला माणूसच नसला तर पाणी चालूच राहतं तसं. मग घाम चालूच, लाळ चालूच, स्नायू उडत राहतात, छातीत पाणी भरल्यासारखा कफ, आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थकतात.

आता नसेतलं एन्झाइम किती शिल्लक आहे हे नस कापून तर बघता येत नाही. पण हेच एन्झाइम, अगदी तेच, आपल्या लाल पेशीच्या अंगावर पण बसलेलं असतं, आणि औषध कातडीतून रक्तात आलं की आधी गाठ पडते ती लाल पेशींशीच. म्हणून लाल पेशीवरचं एन्झाइम मोजलं की नसांमधे काय चाललं असेल त्याचा बऱ्यापैकी खरा अंदाज येतो.

आणि बाबांच्या बाबतीत जे घडलं ते इथं आहे. लाल पेशीला केंद्रक नसतं. शरीरातली दुसरी पेशी एखादं प्रोटीन खराब झालं तर नवीन बनवते, लाल पेशी बनवू शकत नाही. हाडाच्या मगजातून निघताना जी शिदोरी बांधून दिली तेवढ्यावरच तिला 120 दिवस काढायचे असतात, वाटेत कोणी रांधून देत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट त्या एन्झाइमला एकदा पक्कं चिकटलं (सुरुवातीच्या काही तासात पॅमचं, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याचं, इंजेक्शन दिलं तर सुटायची आशा असते, नंतर ते घट्टच होतं) की ती पेशी मरेपर्यंत तशीच फिरते. एन्झाइम परत येतं ते फक्त नवीन पेशी तयार होऊन, म्हणजे दिवसाला साधारण 1 टक्का. समजा एखाद्याचं 40 टक्के एन्झाइम गेलं तर भरून यायला सव्वा-दीड महिना पाहिजे. घाम मात्र दोन दिवसात थांबतो. माणसाला वाटतं बरं झालं, घरच्यांना वाटतं बरं झालं, आणि तो अर्ध्या शिदोरीवर परत वावरात जातो. आपल्याकडे जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कपाशीवर मावा, तुडतुडे, पांढरी माशी, मग बोंडअळी, दर दहा-पंधरा दिवसांनी फवारा. घरच्यापुरता फवारणारा कास्तकार तरी मधे थांबतो, पण पंपामागे पैसे घेऊन रोज वेगळ्या वावरात जाणारा मजूर कधी थांबतच नाही, त्याचा 1 टक्का भरायच्या आतच दुसऱ्या दिवशी परत घसरतो.

सीबीसीत हे का दिसत नाही ते पण सांगते, कारण मी स्वतः त्यात फसले. एन्झाइम मेलेली लाल पेशी मायक्रोस्कोपखाली बाकीच्यांसारखीच गोल, गुलाबी दिसते. मशीन पेशी मोजतं, तिचा आकार मोजतं, हिमोग्लोबिन मोजतं. पेशीच्या अंगावरचं एन्झाइम जिवंत आहे का मेलं ते त्याला कळत नाही. म्हणून "रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आहे" हे वाक्य फवारणी करणाऱ्या माणसाला सांगताना आम्हा लॅबवाल्यांना आणि डॉक्टर लोकांना दोनदा विचार करावा लागेल.

दुसऱ्यांदा ॲडमिट केलं तेव्हा बाबांची कोलिनेस्टरेजची टेस्ट झाली. सॅम्पल नागपूरला गेलं, रिपोर्ट चौथ्या दिवशी आला, आणि आकडा होता नॉर्मल रेंजच्या खालच्या टोकाला पण रेंजच्या आतच. म्हणजे कागदावर परत नॉर्मल! एक तर ती टेस्ट सीरमची (पेशी वेगळ्या केल्यावर रक्तातलं जे पाणी उरतं त्याची) होती, सीरममधलं कोलिनेस्टरेज वेगळं, ते लिव्हर बनवतं आणि बरंच लवकर भरून येतं, लाल पेशीवरचं मागेच राहतं. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. हे एन्झाइम माणसामाणसात खूप वेगवेगळं असतं. निरोगी असताना एखाद्याचं रेंजच्या वरच्या टोकाला असतं, एखाद्याचं जन्मापासूनच खालच्या. बाबांचं चांगलं असताना किती होतं? कोणालाच माहीत नाही. वरचं असेल तर खालच्या टोकाला येईपर्यंत अर्धं गेलेलं असू शकतं आणि कागद नॉर्मल म्हणत राहतो. म्हणून आधीचा आकडा पाहिजे, त्या माणसाचा स्वतःचा, पंप उचलायच्या आधीचा. त्याच्याशिवाय नंतरची टेस्ट म्हणजे मागच्या पावसाची नोंदच नसताना यंदा किती टक्के पडला ते सांगण्यासारखं आहे.

हे मी काही नवीन शोधून काढलेलं नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात 1974 पासून अशा औषधांचं काम करणाऱ्या शेतमजुरांवर डॉक्टरी देखरेखीचा नियम आहे. आधी बेसलाइन, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीचा आकडा, घेतात. आकडा स्वतःच्या बेसलाइनच्या 80 टक्क्याखाली आला की मालकानं कामाची पद्धत तपासायची, लाल पेशीचा 70 टक्क्यावर आला की त्या माणसाला औषधाच्या कामावरून काढून दुसरं काम द्यायचं, आणि परत 80 च्या वर गेल्याशिवाय पंपाला हात लावू द्यायचा नाही. त्रास सुरू व्हायची वाट बघतच नाहीत.

आणि तिकडचंच कशाला, आपला कायदा पण हेच म्हणतो. कीटकनाशक कायदा 1968 चा, त्याचे नियम 1971 चे, त्यातला नियम 37 बघा साहेब. औषध हाताळणाऱ्या आणि फवारणाऱ्या माणसाची कामावर घेण्याआधी डॉक्टरी तपासणी, नंतर ठरावीक काळानं परत, आणि ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट (हेच एन्झाइम बंद पाडणारा दुसरा गट) वाल्यांचं कोलिनेस्टरेज मोजायचं. नियमाला पन्नास वर्षं उलटून गेली. पण तो बनवताना डोळ्यासमोर कारखाना असावा, पेस्ट कंट्रोलची कंपनी असावी, जिथं मालक आहे, हजेरी आहे, रजिस्टर आहे. आमच्या इकडे बाबांना कोण कामावर ठेवतं? आज या पाटलाकडे तीन पंप, उद्या त्या मास्तरच्या वावरात सहा. त्यांचं रजिस्टर कोण ठेवणार, तो पाटील? त्यानं तर स्वतःच्याच वावराचं औषध उधारीवर आणलेलं असतं. म्हणून हे काम सरकारच्या दवाखान्यानंच उचलावं असं माझं म्हणणं आहे, दुसरं कोणी उचलणारच नाही.

2017 चा पावसाळा आपल्या जिल्ह्यानं पाहिला आहे. वीसपेक्षा जास्त कास्तकार-मजूर गेले, शेकड्यांनी लोक ॲडमिट झाले, चौकशी पथक बसलं, यवतमाळचं नाव देशभर झालं ते असं. त्याच्यानंतर मास्क-हातमोजे वाटले गेले, "वाऱ्याच्या दिशेनं फवारा" म्हणून पोस्टर लागले. चांगलं झालं, मी त्याला नावं ठेवत नाही. पण भादव्याच्या उन्हात, डोक्याएवढ्या ओल्या पऱ्हाटीत तो प्लास्टिकचा कोट घालून कोणी एक तास काम करून बघावं. माणूस कोट काढतोच. पंप गळतो, पाठ भिजते, ओला सदरा दिवसभर अंगाला चिकटून असतो आणि औषध कातडीतून जात राहतं. बाबा तर नोझल चोक झालं की तोंडानं फुंकायचे, आता नाही फुंकत.

आता बायांबद्दल, कारण यादी करताना त्यांची आठवण होत नाही. पंप बहुतेक माणसं चालवतात, पण ड्रममधे पाणी भरून औषध कालवून देते ती घरची बाई, तो सदरा हातानं धुते ती बाई, आणि फवारल्यानंतर चार दिवसांनी त्याच पऱ्हाटीत निंदण, नंतर वेचणी, कमरेपर्यंत त्या पानांना घासत, ते पण बाईच. तिचं रक्त आधीच कसं आहे ते तुमच्याच आकड्यात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बाया ॲनिमियात निघाल्या. माझ्या टेबलावर 7 आणि 8 हिमोग्लोबिनच्या बाया रोज येतात, पायी चालत येतात आणि "थोडी दम लागते" म्हणतात.

हा ॲनिमिया औषधानं झाला असं मी म्हणत नाही. त्याचं मोठं कारण खाणं, लोह, बाळंतपणं आणि आपल्याकडचा सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होणारा जन्मजात आजार). पण औषध लाल पेशीचं फक्त ते एक एन्झाइमच मारतं असं पण नाही. कित्येक कीटकनाशकांनी पेशीच्या आत ऑक्सिडेशनचा ताण वाढतो. सोप्या भाषेत सांगायचं तर लोखंडाला गंज चढतो तसं काहीतरी, पेशीचा पडदा तेलकट चरबीचा असतो तो खराब होतो, कडक होतो, आणि पडदा कडक झाला की बारीक नसांमधून दबून-वाकून जायची तिची लवचिकता जाते, मग प्लीहा तिला लवकर मोडीत काढते. पेशीत ग्लुटाथायोन म्हणून एक पदार्थ असतो तो हा मार झेलतो, तो संपला की हिमोग्लोबिनवरच येतं. हिमोग्लोबिनमधलं लोह एका विशिष्ट अवस्थेत असलं तरच ऑक्सिजन वाहतं, ते बिघडलं की मेथहिमोग्लोबिन होतं, रक्त चॉकलेटी दिसतं, ओठ निळे पडतात. इंडोक्साकार्ब, जे आपण कपाशीवर आणि हरभऱ्यावर अळीसाठी मारतो, ते पोटात गेलेल्या पेशंटमधे हे झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी लिहून ठेवल्या आहेत. (आशाताईंकडे कोरोनापासून पल्स ऑक्सिमीटर आहेत, त्यांना हे जरूर शिकवा की मेथहिमोग्लोबिन जास्त असलं तर ते यंत्र 85 च्या आसपास अडकून बसतं, ऑक्सिजन लावला तरी हलत नाही, आणि तसा पेशंट दिसला तर गाडीची वाट बघत बसायचं नाही.)

सिकलसेलवाल्यांची तर गोष्टच वेगळी. त्यांची लाल पेशी 120 दिवस जगतच नाही, दहा-वीस दिवसात तुटते, आणि जगते तेवढे दिवस आतून आधीच ताणात असते. पूर्व विदर्भ आणि आपल्या जिल्ह्यातले पोड, गुडे, वस्त्या, तिथली किती पोरं हे घेऊन जन्माला येतात ते तुमच्या खात्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याच वस्त्यांमधले लोक सगळ्यात जास्त मजुरीनं फवारा मारतात. सिकलसेलचा रुग्ण असलेल्या पोरानं पंप उचलू नये, औषध कालवू नये, हे त्याच्या कार्डावर मराठीत आणि चित्र काढून छापायला काय लागतं? माझ्याकडे एक एकोणीस वर्षांचा पोरगा येतो, कार्ड खिशात आणि हाताला औषधाचा वास. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल पैसे कुठून, माणसं कुठून. मला जेवढं दिसतं तेवढं सांगते. 2023 च्या जुलैपासून केंद्राचं सिकलसेल मिशन चालू आहे, 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी चालू आहे, टीम गावात येते, रक्त घेते. सिकलसेलचं सॅम्पल जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमधे जातं, सीबीसी पण त्याच ट्यूबमधून, आणि लाल पेशीचं कोलिनेस्टरेज पण त्याच ट्यूबमधून होतं, फक्त सॅम्पल थंड ठेवून वेळेत पोचवावं लागतं. म्हणजे सुई एकदाच टोचायची आहे. बोटातल्या थेंबावर जागच्या जागी कोलिनेस्टरेज आणि हिमोग्लोबिन दोन्ही सांगणारं हातात मावेल एवढं यंत्र पण मिळतं, ग्रामीण रुग्णालयाला एक दिलं तर तालुका निघेल. फक्त बोट साबणानं नीट धुऊन मगच टोचायचं, नाहीतर कातडीवरचं औषध थेंबात मिसळून आकडा चुकतो.

आणि एक तांत्रिक गोष्ट, लॅबवाली म्हणून हात जोडून सांगते. आकडा हिमोग्लोबिनच्या प्रत्येक ग्रॅममागे काढायला सांगा. ॲनिमिया असला की पेशीच कमी, मग एन्झाइम पण कमी दिसतं, आणि औषधानं कमी झालं का पेशीच कमी आहेत ते वेगळं करता येत नाही. जिथं निम्म्याहून जास्त बायांचं हिमोग्लोबिन कमी आहे तिथं हे केलं नाही तर सगळी मेहनत वाया जाईल.

मग ऑगस्टच्या शेवटी तेच लोक, तीच टेस्ट. ज्याचा आकडा स्वतःच्या 70 टक्क्यावर किंवा त्याच्याखाली आला त्याला सरळ सांगायचं, बाप्पा, आता महिना-दीड महिना पंप नाही. पण नुसतं सांगून तो घरी बसणार नाही, बाबा नव्हते बसले. त्याला त्या दिवसांचं दुसरं काम द्या, आपल्याच राज्यानं रोजगार हमी देशाला शिकवली, पांदण रस्त्याचं काम असतं, नर्सरीचं असतं. आरोग्य खात्यानं चिठ्ठी द्यायची आणि तहसीलनं काम द्यायचं, एवढी एक साखळी तीन साहेब मिळून जोडू शकता म्हणूनच मी पत्र तिघांना लिहिलं आहे. कृषी सहायकाकडे गावात कोण कोण मजुरीनं फवारतं ते तोंडपाठ असतं, यादी त्यांच्याकडून घ्या. कृषी केंद्रात औषध देताना दुकानदार बिलावर औषधाचं नाव लिहितो, ते बिल पेशंटसोबत दवाखान्यात यायला पाहिजे हे पण एकदा गावोगावी सांगा, कारण रात्री एक वाजता डॉक्टर विचारतात "कोणतं औषध" आणि घरचे सांगतात "हिरव्या डब्यातलं".

यंदा बाबांचं रक्त मी जूनच्या पहिल्या आठवड्यात घेतलं, माझ्या पगारातून बर्फाच्या डब्यात नागपूरला पाठवलं, लाल पेशीची टेस्ट सांगून. आकडा आला, तो कागद घरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, मायला पण दाखवून ठेवला की काही झालं तर हाच कागद घेऊन निघायचं. आमच्या गल्लीत अजून अकरा जण फवारा मारतात. त्यांच्या घरात असा कागद नाही. त्यातल्या दोघांनी मला विचारलं, "ताई, आमचं बी घेतं का वो?" मी हो म्हटलं नाही, प्रत्येकाचा टेस्टचा खर्च मला झेपत नाही.

ग्रामपंचायतीची खोली आहे, पंखा आहे, सरपंचांशी बोलणं झालं आहे. रविवारी मला सुट्टी असते, रक्त काढायचं काम मी फुकट करीन, शेजारच्या दोन गावांत पण येईन. ट्यूबा, बर्फाचे डबे आणि टेस्टचा खर्च तुमच्याकडून पाहिजे. पुढच्या वर्षी मे महिन्यातली तारीख कळवा, अकरा जणांना बोलावून ठेवायची जबाबदारी माझी.

आपली,
एका फवारणीवाल्याची मुलगी, लॅब टेक्निशियन
पांढरकवडा, ता. केळापूर, जि. यवतमाळ